नातीची दाढ आणि तिची शुगर

आमच्या नातीला पाचव्या वर्षी टाईप वन डायबेटीस निघाला, म्हणजे शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, ते रोज टोचून द्यावं लागतं. आता तिला आठवं सरून नववं लागलंय. मुलगा आडतीवर मुनीम आहे, सून अंगणवाडी सेविका, आणि मी एसटीच्या अहमदपूर आगारातून निवृत्त झालेला. घरात मोकळा माणूस मीच. म्हणून तिचा दवाखाना, शाळेत सांगणं-सवरणं, इन्शुलिन आणणं, शुगरची वही लिहिणं हे सगळं माझ्याकडे आलं. गेल्या उन्हाळ्यात तिची एक दाढ काढावी लागली. दाढ काढणं तसं अर्ध्या तासाचं काम. पण तिथवर पोचेपर्यंत आणि त्यानंतर जे झालं, ते टाईप वनच्या लेकरांच्या घरच्यांना कळायला पाहिजे असं मला फार वाटतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात झाली ती वहीतल्या आकड्यांपासून. सकाळी उपाशीपोटी १३०-१४० च्या आसपास राहणारी शुगर मार्च सरता सरता २०० च्या वर जाऊ लागली. पुढं २४०, २६०. जेवण तेच, डोस तेच, खेळणं तेच. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकेक गोष्ट विचारली. ताप आहे का, खोकला आहे का, लघवीला जळजळ होते का, सुई एकाच जागी टोचून गाठी झाल्यात का. तिच्या पोटावर, मांडीवर हात फिरवून पाहिला, गाठ कुठंच नव्हती. मग संशय इन्शुलिनवर गेला. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. वापरातलं पेन आम्ही ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवतो. उष्णतेनं इन्शुलिनची ताकद जाते, म्हणून पेनात घालायची इन्शुलिनची नवी नळी (कार्ट्रिज) काढली. आकडे हलेनात. डॉक्टरांनी डोस वाढवून दिला. दोन दिवस थोडं खाली आलं आणि परत जैसे थे.

तेवढ्यात सुनेच्या लक्षात आलं की पोरगी भाकरी उजव्या बाजूनंच चावतेय. मग ती भाकरी दुधात कुस्करून मागायला लागली. विचारलं तर "काही नाही" एवढंच. एका रात्री आजीच्या कुशीत शिरून तिनं सांगितलं, "दाढ दुखूलालीय, पण आबाला सांगू नको, अजून एक सुई टोचतील." दिवसाला चार सुया आणि वर बोटं टोचणं, हे ज्या लेकराच्या नशिबी आहे त्यानं दुखणं लपवलं, यात त्याला काय बोलायचं? टाईप वनची मुलं दाताचं दुखणं उशिरा सांगतात, हे घरातल्या मोठ्यांनी गृहीतच धरावं.

मोबाईलची बॅटरी लावून तोंडात पाहिलं. डावीकडं खालची शेवटची दुधाची दाढ दोन दाढांच्या फटीतून काळी पडली होती. वरून भोक बारीकच दिसत होतं. पण गालाच्या बाजूनं हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळट पुटकुळी होती. सुनेनं स्वच्छ कापसानं जरासं दाबलं तर पू आला आणि कुजका वास सुटला.

वासाबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट जिवावरची आहे. किडक्या दाढेचा, पुवाचा वास घाण येतो. पण इन्शुलिन कमी पडून रक्तात कीटोन (साखरेऐवजी चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढले तर श्वासाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो. त्याच्या जोडीला उलट्या, पोटदुखी, धापा टाकणं असलं तर दाढ-बिढ सगळं बाजूला ठेवून थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. अंगात पू असताना कीटोन वाढायची भीती जास्त असते. म्हणून त्या दिवसांत सून रोज लघवीची पट्टी बुडवून बघायची. सुदैवानं पट्टीचा रंग कधी गडद झाला नाही.

जवळच्या एका दाताच्या दवाखान्यात गेलो. शुगर २५० ऐकल्यावर तिथं सांगितलं, "आधी शुगर नॉर्मल करून आणा, मग दाढेला हात लावतो." शुगरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "तोंडात पू असताना शुगर नॉर्मल होणारच कशी?" पोराला दोन दारांच्या मधे उभं केल्यागत झालं. मला आजही वाटतं की इथंच बहुतेक घरं अडकत असतील. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कोणतं आधी हे ठरवायचं ओझं आमच्यासारख्या, ज्यांना यातलं काही कळत नाही, त्यांच्या डोक्यावर.

वाट निघाली ती एका चिठ्ठीमुळं. शुगरच्या डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं: आजार कोणता, इन्शुलिन कोणकोणतं आणि किती, शेवटची एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ९.४, कीटोन नाहीत, अमुक इतक्या शुगरपर्यंत दाढ काढायला माझी हरकत नाही, शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर. त्यांनी आम्हाला समजावलं, की हौसेचं किंवा सावकाश करता येण्यासारखं दातांचं काम असेल तर शुगर आटोक्यात येईपर्यंत थांबणं ठीक. पू झालेली दाढ थांबवायची नसते. ती चिठ्ठी घेऊन लातूरला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. ज्यांना खाजगीतला खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. लांब पडतं, पण माहीत असावं.

मॅडमनी तिला खुर्चीवर बसवायची घाई केली नाही. एक्स-रे काढला. दाढेच्या दोन मुळांच्या मधलं हाड पुवानं पोखरलं होतं. "मुळांचं काम करून कॅप बसवता आली असती तर मी तीच केली असती," त्या म्हणाल्या, "पण हिची शुगर बघता इथं पू राहायला जागाच नको." आधी काही दिवस अँटिबायोटिक दिलं, गोळी पाण्यात विरघळवून. गोड सिरप मुद्दाम टाळलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही वजनावरून डोस काढून.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून आम्हाला शुगर आणि दात यांचा संबंध दाखवला. तो मला जसा कळला तसा सांगतो. शुगर वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं, सोबत पाणी जातं, तोंड कोरडं पडतं. लाळ हीच दातांची राखणदार. ती अन्नाचे कण धुऊन नेते आणि किडीचे जंतू जे आम्ल तयार करतात त्याचा जोर मारते. लाळ कमी झाली की कीड मोकाट. वर रक्तात साखर जास्त असली की लाळेत आणि हिरडीच्या कडेच्या ओलाव्यातही ती जास्त उतरते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही अशा रक्तात सुस्तावतात. म्हणून टाईप वनच्या मुलांच्या हिरड्या लवकर सुजतात, ब्रश केला की रक्त येतं. आणि हे चाक उलटंही फिरतं. तोंडात पू झाला की शरीर ताणात येतं, त्या ताणात जी संप्रेरकं सुटतात ती इन्शुलिनला काम करू देत नाहीत, आणि शुगर चढते. आमचे वाढते आकडे तिथून आले होते.

मग मॅडमनी विचारलं, "रात्री शुगर लो होते का?" होत होती. पहिल्या वर्षी तर फारच. रात्री दोन-तीनच्या सुमारास पोरगी घामानं थबथबलेली, हात थरथरतायत, मशीनवर ५४, ५८. ग्लुकोज पाण्यात घालून पाजायचं, पंधरा मिनिटांनी परत बोट टोचून बघायचं, ७० च्या वर आली की परत घसरू नये म्हणून दोन बिस्किटं द्यायची आणि झोपवायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच आम्ही करत होतो, आणि तेच बरोबर होतं. ते केलं नसतं तर लेकरू हाताला लागलं नसतं. पण झोपेत लाळ अगदी कमी सुटते. दाढांच्या खाचांत बसलेला बिस्किटाचा लगदा सकाळपर्यंत तिथंच राहतो.

या जागी मी जरा थांबतो, कारण हे वाचून कुणाच्या मनात भलतंच भरू नये. शुगर लो झालेली असताना दाताचा विचार मनात आणायचासुद्धा नाही. साखर द्यायची, लगेच द्यायची, गोड द्यायची. मॅडमनी आणि शुगरच्या डॉक्टरांनी दोघांनीही हे बजावून सांगितलं. बदल करायचा तो त्यानंतरचा. आम्ही ग्लुकोज पाण्यातूनच देतो, चिक्की-चॉकलेट अजिबात नाही. चॉकलेटमधल्या चरबीमुळं साखर रक्तात उशिरा चढते आणि दाढेला चिकटते ती वेगळीच. बिस्किटाच्या जागी अर्धा कप बिनसाखरेचं दूध किंवा भाकरीचा कोर. आणि ती पूर्ण शुद्धीवर, नीट बोलायला लागली की साध्या पाण्याच्या दोन चुळा. ब्रश त्या वेळी नाही. अर्धवट झोपेतल्या लेकराच्या तोंडात ब्रश कोंबायचा नसतो.

दाढ काढायचा दिवस ठरला तो दोन्ही डॉक्टर फोनवर बोलून. वेळ सकाळची, नाश्ता आणि नेहमीचं इन्शुलिन झाल्यावरची. खूप जणांना वाटतं दाढ काढायची तर उपाशी न्यावं. नुसती जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर टाईप वनच्या लेकराला उपाशी न्यायचं नाही. पूर्ण भूल देऊन करायचं असेल तरच उपास लागतो, आणि तो शुगरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्शुलिन तर कुठल्याच परिस्थितीत आपल्या मनानं चुकवायचं नाही.

खरी मेख दुपारच्या जेवणात होती. खालचा जबडा बधिर केला की ओठ आणि जीभ दोन-तीन तास सुन्न राहतात. त्या वेळात खाता येत नाही, खाल्लं तर लेकरू ओठच चावून घेतं. आणि आपण जर नेहमीच्या वेळेला जेवणाआधीचं इन्शुलिन टोचून बसलो तर शुगर धाडकन खाली. म्हणून ठरलं की त्या दुपारी आधी जेवण, ती किती खाते ते बघून मग झटपट काम करणारं इन्शुलिन, तेही खाल्लं असेल तेवढ्याच हिशोबानं.

खुर्चीवर बसल्यावर पोरीनं माझा हात गच्च धरला. मॅडम म्हणाल्या, "मला तुझी मशीन चालवता येत नाही. तू शिकवतेस का?" पोरगी सावरून बसली. पट्टी काढली, मशीनमध्ये घातली, बोटाच्या कडेला टोचलं. "मधोमध टोचायचं नाही, कडेला दुखत नाही," असं तिनं त्यांना सांगितलं. आकडा आला १७२. मॅडमनी तो मोठ्यानं वाचून कागदावर लिहिला, ग्लुकोजच्या पाण्याचा पेला ट्रेवर ठेवला आणि मगच हिरडीला बधिर करायची जेली लावली. सुई गेली तेव्हा तिनं डोळे मिटले, रडली नाही. दाढ काढून झाल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाताखाली दाबून धरायला लावला. मॅडमनी तिला ती दाढ धुऊन दाखवली. मुळाशी काळपट गोळा चिकटलेला होता. "हे बघ, हा तुझी शुगर वाढवत होता."

त्या दिवशी थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, गरम-तिखट नाही, एवढी पथ्यं. भेटायला येणारे म्हणायचे, दाढ काढल्यावर आईस्क्रीम द्यायचं असतं. आम्ही थंडगार दहीभात दिला. मऊ असतो, आणि त्याला किती इन्शुलिन लागतं हे आम्हाला पाठ आहे.

पुढचं मात्र आम्हाला कोणी सांगितलं नसतं तर महागात पडलं असतं. पू असताना शुगर चढलेली म्हणून डोस वाढवलेला होता. पू गेला की इन्शुलिन पुन्हा नीट लागू व्हायला लागतं, आणि तोच वाढीव डोस जास्त ठरतो. शुगरच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दाढ निघाल्यावर दोन-चार रात्री गजर लावून तपासा. दुसऱ्याच रात्री मशीननं ६२ दाखवले. पोरगी गाढ झोपेत, घाम नाही, थरथर नाही. तिला पुरतं जागं करून बसवलं आणि चमच्या-चमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजलं. सकाळी फोन केला, डोस कमी केला. आठवड्याभरात उपाशीपोटीचे आकडे पहिल्यासारखे यायला लागले. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ८.१ आली. ती अजून खाली यायला पाहिजे, पण महिनाभर जे आकडे कशानंच हलत नव्हते ते एका किडक्या दाढेपायी अडले होते, हे आम्ही डोळ्यानं पाहिलं.

नात्यातले बरेच जण म्हणाले, दुधाचीच तर दाढ, आज ना उद्या पडणारच होती, कशाला एवढी धावपळ? पण शेवटची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. तिच्या खालीच पक्क्या दाढेचा अंकुर असतो, वरचा पू त्याला इजा करू शकतो. आणि ती लवकर निघाली की मागची पक्की दाढ पुढं सरकते, मग नवीला यायला जागा उरत नाही. म्हणून जखम भरल्यावर मॅडमनी माप घेऊन तिथं जागा धरून ठेवणारी तारेची कडी बसवली. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं जी दाढ येते ती पक्की असते. एकही दात न पडता येते म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात. आमच्या पोरीच्या त्या चारही दाढांच्या खाचा मॅडमनी औषध भरून बंद केल्या.

घरात आता काही गोष्टी नेमानं होतात. रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाच्या हातानं. पेस्ट फ्लोराईडची, वाटाण्याएवढी, आणि ती थुंकायची, गिळायची नाही. मॅडमनी आम्ही कुठलं पाणी पितो हेही विचारलं होतं. मराठवाड्यात काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्याचं नाव त्यासाठी नेहमी निघतं. अशा गावांत मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. त्यांनी पोरीचे पुढचे दात उजेडात बघितले, पट्टे नव्हते. पेस्ट चालू ठेवायला सांगितली, बोअरचं पाणी तपासून घ्यायला लावलं. राखुंडी बंद झाली, ती दातावरचं कवच घासून काढते. आमची ही लहानपणापासून मिश्री लावते. तिची अजून सुटलेली नाही, पण पोरीच्या समोर आता डबी निघत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. डायबेटीसच्या तपासणीत डोळ्यांचं, किडनीचं, पायांचं नाव निघतं. तोंड उघडून बघा असं आम्हाला इतक्या काळात कुणी म्हटलं नव्हतं. आता आमचे शुगरचे डॉक्टर प्रत्येक वेळी तिचा ओठ वर करून हिरड्या बघतात, आणि शुगर विनाकारण चढली असा फोन कुणाचाही आला तरी तापाच्या जोडीला दाढेचं विचारतात. जिथं डॉक्टर बघत नसतील तिथं आपणच बघायला सांगावं. महिन्यातून एकदा घरीही बॅटरी लावून बघावं. हिरडी लाल आहे का, ब्रशला रक्त लागतं का, हिरडीवर पुटकुळी आहे का, मूल एकाच बाजूनं चावतंय का. याला ना पैसा लागतो ना डिग्री.

खालून पक्की दाढ डोकावायला लागली की तारेची कडी काढायची आहे. मॅडमच्या अंदाजानं त्याला दोनेक वर्षं लागतील. तोवर कडी सैल झाली का हे दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, आणि तो दिवस आम्ही एचबीए१सीच्या दिवसाला जोडून घेतलाय, म्हणजे लातूरची एकच खेप होते. कडीच्या आतल्या बाजूनं अन्न अडकतं. तिथं बारीक ब्रश फिरवायचं काम माझ्याकडे आहे, कारण आईपुढं ती पुरतं तोंड उघडत नाही.